नव्वद पानं शेजारच्या खोलीत

प्रकरण २००३ च्या इराक युद्धाचं आहे, सद्दाम हुसेनकडं संहारक शस्त्रं असल्याच्या दाव्याचं; मांडलं गेलं ते कोल्हापुरात. राजारामपुरीतल्या एका वाचनालयाच्या माडीवर आमचा अभ्यासगट रविवारी सकाळी बसतो. मी राज्यशास्त्र शिकवतो, म्हणून प्रकरण निवडायचं आणि कागद गोळा करायचं काम माझ्याकडं. गटात निम्मी मुलं-मुली स्पर्धा परीक्षेच्या तयारीतली. बाकीचे आपापल्या धंद्यातले: उद्यमनगरात लेथ-मिलिंगचं वर्कशॉप चालवणारे अण्णा, मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले गडहिंग्लजकडचे सुभेदार, जिल्हा न्यायालयात वकिली करणाऱ्या मॅडम आणि साखर कारखान्याच्या लॅबमध्ये उभी हयात घालवलेले एक केमिस्ट.

'अमेरिकेनं खोटं बोलून इराकवर हल्ला केला' हे वाक्य आपल्याकडं इतकं सर्वमान्य आहे, की त्यावर चर्चा ठेवली तर सगळे एकमेकांना दुजोरा देऊन चहाला उठतील. मला ते नको होतं. त्या एका वाक्यात निदान तीन वेगवेगळी भांडणं आहेत. गुप्तचर संस्थांना खरोखर काय वाटत होतं, हे पहिलं. नेत्यांनी लोकांना काय सांगितलं, हे दुसरं. आणि ज्यांनी युद्धाच्या बाजूनं हात वर केला त्यांनी स्वतः काय वाचलं होतं, हे तिसरं. पहिल्या दोहोंवर अहवालांचा ढीग आहे. तिसऱ्यावर कुणी फार बोलत नाही, कारण ते बोलणं दोन्ही पक्षांना अडचणीचं आहे. माझ्या मते मेख तिथंच आहे, आणि प्रकरणाची मांडणी मी त्याच बेतानं केली.

प्रसंग

तारीख १० ऑक्टोबर २००२. गटातला प्रत्येक जण अमेरिकेचा सिनेटर. अध्यक्ष जॉर्ज बुश यांना इराकविरुद्ध सैन्य वापरायचा अधिकार द्यायचा की नाही, यावर मत द्यायचं. टेबलावर मी एकच गठ्ठा ठेवला: सीआयएनं ४ ऑक्टोबरला जाहीर केलेली २५ पानी पुस्तिका, तिचा मी केलेला मराठी गोषवारा आणि त्या दिवसांतल्या भाषणांचे उतारे. त्याचबरोबर सांगितलं, की शेजारच्या खोलीत दुसरा गठ्ठा आहे. तो १ ऑक्टोबरच्या गोपनीय राष्ट्रीय गुप्तचर अंदाजाचा, म्हणजे सगळ्या गुप्तचर संस्थांच्या एकत्रित मताचा, पुढं टप्प्याटप्प्यानं खुला झालेला भाग. ज्याला वाटेल त्यानं जाऊन वाचावा, सक्ती नाही, चहाच्या आधी मत द्यायचं.

थोडी पार्श्वभूमीही तोंडी दिली, कारण तिच्याशिवाय त्या वेळच्या माणसांवर अन्याय होतो. १९९१ च्या आखाती युद्धानंतर शस्त्रं तपासायला आंतरराष्ट्रीय निरीक्षक इराकमध्ये गेले, तेव्हा सद्दामचा अणुकार्यक्रम सीआयएच्या अंदाजापेक्षा कितीतरी पुढं गेलेला आढळला. म्हणजे गुप्तचर एकदा उलट दिशेनं चुकले होते, धोका कमी धरून. १९९५ मध्ये सद्दामचा जावई हुसेन कामेल जॉर्डनला पळाला, तेव्हा जैविक कार्यक्रमाबद्दल इराकनं दडवलेल्या गोष्टी बाहेर आल्या. डिसेंबर १९९८ मध्ये अमेरिका-ब्रिटननं बॉम्बफेक केली, तिच्या आधी निरीक्षक बाहेर पडले आणि पुढची चार वर्षं आत कुणीच नव्हतं. त्यात ११ सप्टेंबर २००१. आपण पुन्हा गाफील सापडलो तर, ही भीती त्या इमारतींमध्ये खरी होती. युद्ध हवं असणाऱ्यांनी ती वापरली, पण निर्माण केली नव्हती.

मग २००२ चा उन्हाळा संपता संपता सूर बदलला. २६ ऑगस्टला उपाध्यक्ष डिक चेनी यांनी नॅशव्हिलला माजी सैनिकांपुढं सांगितलं, की सद्दामकडं सामूहिक संहाराची शस्त्रं आहेत यात शंकाच नाही. ८ सप्टेंबरला राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार कोंडोलिझा राइस टीव्हीवर म्हणाल्या, की पुरावा अणुस्फोटाच्या ढगाच्या रूपानं समोर यायची वाट बघत बसायचं नाही. २४ सप्टेंबरला ब्रिटननं अहवाल काढला, त्यात ४५ मिनिटांत शस्त्रं वापरायला सज्ज होऊ शकतात हा दावा होता.

एवढं सगळं होईपर्यंत गुप्तचर संस्थांचा एकत्रित लेखी अंदाज तयारच नव्हता, ही गोष्ट मुलांना खरी वाटेना. तो मागितला सिनेटच्या गुप्तचर समितीतल्या बॉब ग्रॅहम, डिक डर्बिन यांच्यासारख्या सदस्यांनी. एरवी ज्या कामाला महिने लागतात ते तीन आठवड्यांच्या आत उरकलं आणि सुमारे नव्वद पानांचा दस्तऐवज तयार झाला. शेजारच्या खोलीतला गठ्ठा त्यातलाच.

पहिलं मत

शेजारच्या खोलीत किती जण गेले? अण्णा गेले, आणि इचलकरंजीहून येणारी एक मुलगी गेली. बाकीचे टेबलाशीच बसून वाद घालत राहिले. वाद चांगला रंगला होता हे खरं, पण तो पंचवीस पानांवर चालला होता.

चहाच्या आधी मत घेतलं तेव्हा बहुतेकांनी अधिकार द्यायच्या बाजूनं हात वर केले. आल्या आल्या 'अमेरिका खोटारडी' म्हणणारी मुलंही त्यात होती. पुस्तिका वाचली की माणसाला दुसरं काही सुचत नाही, इतकी ती ठाम आहे. इराककडं रासायनिक आणि जैविक शस्त्रं आहेत, अणुशस्त्राचा प्रयत्न पुन्हा सुरू आहे. पूर्णविराम.

प्रत्यक्षात काय झालं तेही सांगतो. प्रतिनिधिगृहात २९६ विरुद्ध १३३, सिनेटमध्ये ११ तारखेच्या पहाटे ७७ विरुद्ध २३. गोपनीय अंदाज दोन्ही सभागृहांच्या सदस्यांसाठी पहाऱ्यातल्या खोलीत उपलब्ध होता. वॉशिंग्टन पोस्टनं २००४ मध्ये दिलेल्या बातमीप्रमाणे पाच पानी सारांशाच्या पुढं वाचणारे सिनेटर सहापेक्षा जास्त नव्हते. ग्रॅहम यांनी वाचला होता. त्यांनी विरोधात मत दिलं.

नळ्या

चहानंतर मी दुसऱ्या गठ्ठ्यातला एकच विषय घेतला, अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांचा. तो घ्यायचं कारण अण्णा. असा माणूस गटात असताना नळ्या सोडून युरेनियमच्या मागं लागणं हा करंटेपणा झाला असता.

इराकनं ६०,००० नळ्या मागवायचा प्रयत्न केला होता आणि २००१ मध्ये त्यातला काही माल जॉर्डनमध्ये पकडला गेला. ७०७५ ग्रेड, टी-६ टेंपर, म्हणजे खूप मजबूत अ‍ॅल्युमिनियम; बाहेरचा व्यास ८१ मिलिमीटर, भिंत ३.३, लांबी ९००, वरून अ‍ॅनोडायझिंग, म्हणजे पृष्ठभागावर संरक्षक थर. सीआयएचं म्हणणं, या नळ्या युरेनियम समृद्ध करायच्या सेंट्रिफ्यूजच्या रोटरसाठी, म्हणजे त्यातल्या फिरणाऱ्या नळकांड्यासाठी आहेत. नेत्यांच्या भाषणांतला अणुबॉम्ब मुख्यतः या नळ्यांवर उभा होता. राइस यांनी तर त्या खरं म्हणजे अणुकार्यक्रमालाच योग्य आहेत असं सांगून टाकलं.

सेंट्रिफ्यूज काय असतं हे आमच्या केमिस्टनी दोन वाक्यांत उरकलं. कारखान्यात सेंट्रिफ्यूगल मशीन गरगर फिरवून मळी बाहेर काढतात आणि साखर जाळीवर राहते, तसंच इथं वायू फिरवून जड युरेनियम कडेला आणि हलकं मध्ये राहतं. फरक एवढाच, की हे यंत्र कितीतरी वेगानं फिरतं आणि त्यासाठी रोटर हलका, पातळ लागतो.

"मग भिंत ३.३ कशाला?" अण्णांनी विचारलं. ते शेजारच्या खोलीतून हाच प्रश्न घेऊन आले होते. "एवढी जाड भिंत फिरवायची म्हणजे मोटरला भार. आतून टर्निंग करून पातळ करायची म्हटलं, तर ६०,००० नगांना टर्निंग? त्यापरीस पातळच मागवली नसती व्हय?"

अमेरिकेच्या ऊर्जा खात्यातल्या तज्ज्ञांचा आक्षेप नेमका हाच होता. सेंट्रिफ्यूजची माहिती त्या देशात सगळ्यात जास्त त्यांनाच, कारण तिथल्या प्रयोगशाळा याच कामातल्या. त्यांचं म्हणणं होतं, की ज्ञात सेंट्रिफ्यूजच्या मानानं भिंत तिपटीनं जाड आहे, व्यास अरुंद आहे, अ‍ॅनोडायझिंग या कामाला नकोच आहे. आणि इराकनं १९९१ च्या आधी सेंट्रिफ्यूजचे प्रयोग केले होते ते मॅरेजिंग स्टील (खास मजबूत पोलाद) आणि कार्बन फायबरच्या रोटरवर. ज्याला पुढची पायरी माहीत आहे तो मागं अ‍ॅल्युमिनियमवर कशाला येईल? उलट ८१ मिलिमीटरच्या रॉकेटशी या नळ्यांचं माप तंतोतंत जुळत होतं. ते रॉकेट मूळ इटलीच्या मेडुसाचं, इराक त्याची नक्कल करत होता आणि त्यासाठी तशाच नळ्या १९८० च्या दशकापासून वापरत होता.

सीआयएकडं याला एक उत्तर होतं आणि ते वरवर बिनतोड होतं. साध्या रॉकेटला इतका टाईट टॉलरन्स, म्हणजे मापात इतका कमी फरक चालेल अशी अट, कशाला लागतो? अमेरिकेच्या स्वतःच्या रॉकेटलाही एवढा लागत नाही.

अण्णा हसले. "सर, टाईट टॉलरन्स कोण मागतो सांगू? ज्याला जॉब कळत नाही तो. दुसऱ्याचा पीस मोजून ड्रॉइंग काढलंय, कुठलं माप महत्त्वाचं आणि कुठलं नाही ते ठाऊक नाही, मग सगळीकडंच टाईट घालून ठेवायचं. उद्या रॉकेट वाकडं गेलं तर साहेब म्हणणार तुझ्या ड्रॉइंगमुळं गेलं. आमच्याकडं रोज येत्यात असली ड्रॉइंगं."

हे त्यांनी कुठल्या अहवालात वाचलेलं नव्हतं. मी मात्र वाचलेलं होतं, म्हणून ऐकताना अंगावर काटा आला. युद्धानंतर अमेरिकेच्याच शोधपथकाला, आणि त्याच्याही आधी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या निरीक्षकांना, साधारण हेच उत्तर मिळालं होतं: रॉकेट नेम चुकवत होती, अभियंते मूळ रचनेला हात लावायला धजत नव्हते, समित्यांवर समित्या बसल्या आणि प्रत्येकीनं मापं आणखी कसून टाकली. अ‍ॅनोडायझिंग का? तर आधीच्या नळ्या उघड्यावर ठेवून गंजल्या होत्या.

आता राजकारणाकडं. ऊर्जा खात्याचा हा आक्षेप गोपनीय अंदाजात छापलेला होता. लपवलेला नव्हता. परराष्ट्र खात्याच्या गुप्तचर विभागाचं वेगळं मत तर सुरुवातीच्याच निष्कर्षांत होतं: अणुकार्यक्रम पुन्हा उभा राहतोय असं म्हणायला पुरेसा पुरावा आम्हाला दिसत नाही. २५ पानी जाहीर पुस्तिकेत यातलं काय उरलं? नळ्यांबद्दल बहुतेक तज्ज्ञांना असं वाटतं, काहींना त्या पारंपरिक शस्त्रांसाठी असाव्यात असं वाटतं, एवढं एक वाक्य. ते 'काही' म्हणजे देशातले सेंट्रिफ्यूजचे सर्वांत जाणकार लोक, हे वाचणाऱ्याला कळायचा मार्ग नाही. परराष्ट्र खात्याची असहमती तर गायबच. गोपनीय मजकुरात वाक्यं 'आमचा अंदाज असा' म्हणून सुरू होत होती, ती सुरुवात पुस्तिकेत बऱ्याच ठिकाणी गाळली गेली. चालकरहित विमानांच्या दाव्यावर हवाई दलाचा आक्षेप होता. ज्यांचा तो विषय, त्यांचा. तोही गेला.

सद्दाम स्वतःहून अमेरिकेवर हल्ला करील का, याबद्दलचा विश्वास कमी आहे, असंही नव्वद पानांत लिहिलेलं होतं. युद्ध करायचं की नाही याच्याशी सगळ्यात थेट संबंध असलेलं वाक्य ते.

इचलकरंजीची मुलगी म्हणाली, "सर, मी वाचलो तेव्हा मला वाटलं हे दोन वेगवेगळ्या देशांवर लिहिलंय."

बाकीचे दावे

हे मी भराभर घेतले. नायजरकडून युरेनियम मिळवायच्या प्रयत्नाचा दावा: सीआयएनं बुश यांच्या ७ ऑक्टोबरच्या सिनसिनाटीच्या भाषणातून तो काढायला लावला, आणि तरी २८ जानेवारी २००३ च्या वार्षिक अभिभाषणात तो ब्रिटनच्या हवाल्यानं परत आला. फिरत्या जैविक प्रयोगशाळांचा दावा मुख्यतः 'कर्व्हबॉल' या टोपणनावाच्या एका इराकी निर्वासितावर उभा होता. तो जर्मन गुप्तचरांच्या ताब्यात, अमेरिकनांना त्याची धड मुलाखतही मिळाली नव्हती. २०११ मध्ये त्यानं आपण ते रचलं होतं हे कबूल केलं. अल कायदाला इराकनं रासायनिक-जैविक शस्त्रांचं प्रशिक्षण दिल्याचा दावा अल-लिबी नावाच्या कैद्याचा. त्याच्यावर छळ झाला होता, आणि पुढं त्यानं तो मागं घेतला. अमेरिकेच्याच संरक्षण गुप्तचर संस्थेनं फेब्रुवारी २००२ मध्ये त्याच्या बोलण्यावर शंका नोंदवून ठेवली होती.

५ फेब्रुवारी २००३ ला परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत यातलं बरंच काही जगापुढं मांडलं, आणि आपलं प्रत्येक विधान भक्कम स्रोतांवर आधारलेलं आहे असं सांगितलं.

तिसरा गठ्ठा छोटा होता पण मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नोव्हेंबर २००२ पासून निरीक्षक परत इराकमध्ये होते. ७ मार्च २००३ ला अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख मोहम्मद अल बरादेई यांनी सुरक्षा परिषदेला सांगितलं, की नायजरची कागदपत्रं अस्सल नाहीत, आणि नळ्या सेंट्रिफ्यूजसाठी असण्याची शक्यता कमी. संयुक्त राष्ट्रांच्या शस्त्र निरीक्षकांचे प्रमुख हान्स ब्लिक्स म्हणाले, उरलेल्या कामाला वर्षं नकोत, आठवडेही पुरणार नाहीत, महिने लागतील. म्हणजे ऑक्टोबरमध्ये जे फक्त नव्वद पानांत होतं ते मार्चमध्ये उघड्यावर आलेलं होतं. १७ मार्चला ब्रिटनचे मंत्री रॉबिन कुक यांनी राजीनामा दिला. माजी परराष्ट्रमंत्री असूनही, किंवा असल्यामुळंच, त्यांना पुरावा पटला नव्हता. दुसऱ्या दिवशी हाउस ऑफ कॉमन्सनं ४१२ विरुद्ध १४९ मतांनी युद्धाला होकार दिला. २० मार्चला बॉम्ब पडायला लागले. शस्त्रांचे साठे सापडले नाहीत. शोधपथकाच्या प्रमुखपदावरून नुकतेच पायउतार झालेले डेव्हिड के यांनी जानेवारी २००४ मध्ये सिनेटपुढं सांगितलं, की आपण जवळजवळ सगळेच चुकलो.

कशावर भांडायचं, यावरचं भांडण

के यांच्या त्या 'सगळेच'वर पुढची चार वर्षं राजकारण झालं.

बुश यांच्या रिपब्लिकन पक्षाची बाजू: चूक गुप्तचरांची. क्लिंटन यांच्या काळातही हेच मानलं जात होतं, सद्दामला हटवण्याचं धोरण सांगणारा कायदा १९९८ मध्ये त्यांच्याच सहीनं झाला, डेमोक्रॅट सिनेटरांनी तीच माहिती बघून तसंच मत दिलं. डेमोक्रॅट पक्षाची बाजू: आम्हाला फसवलं गेलं, माहिती वाकवून दाखवली गेली.

मग चौकशी कशाची करायची? सिनेटच्या गुप्तचर समितीनं कामाचे दोन तुकडे केले. पहिल्या तुकड्यात संस्थांनी अंदाज कसा बांधला ते तपासायचं. नेत्यांनी तो कसा वापरला ते दुसऱ्यात, आणि २००४ ची अध्यक्षीय निवडणूक झाल्यावर. पहिला अहवाल जुलै २००४ मध्ये एकमतानं आला आणि त्यात सीआयएचे वाभाडे निघाले. बुश यांनी नेमलेल्या आयोगानं मार्च २००५ मध्ये संस्था जवळजवळ सर्व बाबतींत पार चुकल्या असा निर्वाळा दिला. विश्लेषकांवर राजकीय दबाव आल्याचा पुरावा त्याला सापडला नाही. पण धोरणकर्त्यांनी माहिती कशी वापरली हे तपासायचा अधिकारच त्याला दिलेला नव्हता.

दुसरा तुकडा रखडला. १ नोव्हेंबर २००५ ला डेमोक्रॅट नेते हॅरी रीड यांनी सिनेटचं कामकाज बंद दाराआड न्यायला लावून त्याची आठवण करून दिली. शेवटचा भाग आला जून २००८ मध्ये, समितीत १० विरुद्ध ५ मतांनी, दोन रिपब्लिकन सदस्य डेमोक्रॅटांच्या बाजूनं. त्याचा निष्कर्ष कुठल्याच घोषणेत बसण्यासारखा नाही. शस्त्रांबद्दलच्या बहुतेक विधानांना त्या वेळच्या गुप्त माहितीत आधार होता, मात्र त्या माहितीतले मतभेद आणि अनिश्चितता लोकांपर्यंत पोचवली गेली नाही. इराक आणि अल कायदा यांच्या भागीदारीच्या सूचनेला मात्र आधार नव्हता.

समितीचे तेव्हाचे अध्यक्ष जे रॉकफेलर. बुश प्रशासनावर कडक टीका करणारे. ऑक्टोबर २००२ मध्ये युद्धाच्या बाजूनं मत देताना याच रॉकफेलर यांनी सद्दाम अणुशस्त्रासाठी जोरात काम करतोय याचा निःसंदिग्ध पुरावा आहे असं भाषण केलं होतं. ते गुप्तचर समितीचे सदस्य होते. विरोधी टिपण लिहिणाऱ्या रिपब्लिकन सदस्यांनी अशी जुनी भाषणं बाहेर काढली, आणि त्यांचं काय चुकलं?

म्हणून मला 'खोटं की चूक' हा वाद दोन्ही बाजूंच्या सोयीचा वाटतो. चूक म्हटलं की खापर संस्थांवर. खोटं म्हटलं की खापर चार-पाच माणसांवर. दोन्हीत सिनेटर सुटतो. त्याच्यापुढं असहमती छापून ठेवलेली होती. ती वाचायला विशेष अक्कल लागत नव्हती, ३.३ मिलिमीटरचा प्रश्न उद्यमनगरातल्या माणसाला अर्ध्या तासात पडला. पण वाचली असती तर मत देताना सांगावं लागलं असतं, की हे वाचूनही मी होय म्हणतोय. संसदेची निवडणूक नोव्हेंबर २००२ मध्ये, या मतदानानंतर महिन्याच्या आत होती. मला हे न वाचणं आळसापेक्षा हिशेबीपणाचं जास्त वाटतं. वकील मॅडमना हे पटलं नाही. त्यांच्या मते मी हेतू चिकटवतोय, ज्याला पुरावा नाही, आणि मी जो आरोप बुशवर करायला कचरतोय तोच सिनेटरांवर करतोय. मुद्दा त्यांचा बिनतोड आहे. माझं मत तरीही तेच आहे.

गटात उठलेले मुद्दे

सगळ्यात भक्कम विरोध सुभेदारांचा. "शत्रूचं शंभर टक्के कधी कळतंय व्हय? साठ टक्क्यांवर निर्णय घ्यायला लागतोय, नाहीतर पोरं मरत्यात." खरं आहे. १९९१ चा अनुभव त्यांच्याच बाजूचा आहे. त्यावर केमिस्ट म्हणाले, की साठ टक्के म्हणून सांगा, लोक त्यावरही निर्णय घेतील. साठचे शंभर लिहिले तर तो लॅब रिपोर्ट राहत नाही. सुभेदार गप्प बसले नाहीत. साठ टक्के सांगून कुठली फौज लढायला निघते, असं त्यांनी विचारलं. हा प्रश्न मी आजही सोडवू शकलेलो नाही: लोकशाहीत युद्धासाठी लोकांची तयारी करायची तर भाषा ठाम लागते, आणि माहिती मात्र कधीच तितकी ठाम नसते.

एका मुलानं बालाकोट काढलं. २०१९ च्या फेब्रुवारीनंतर पुरावा मागणाऱ्यांना काय काय ऐकावं लागलं, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्यानं पुलवामाचे ४० जवान समोर ठेवले. मग काही वेळ माडीवर बिंदू चौकातली सभा भरली. मी थांबवलं, कारण तिथला वाद हल्ल्यात काय साधलं याचा होता, आणि इथला हल्ला करायलाच हवा का याचा. दोन्ही एका मापानं मोजता येत नाहीत. पण एक गोष्ट नोंदवतो. इराकच्या नळ्यांवर तासभर शांतपणे बोललेली माणसं आपल्या देशाचा विषय निघताच कोणत्या पक्षाची आहेत ते दोन मिनिटांत कळलं. २००२ च्या वॉशिंग्टनमधल्या माणसाकडून मग फार अपेक्षा ठेवता येत नाही.

भारताचा या प्रकरणाशी थेट संबंधही आला होता, आणि तो मुलांना माहीत नव्हता. एप्रिल २००३ मध्ये आपल्या संसदेनं युद्धाविरुद्ध ठराव केला. त्याच सुमारास अमेरिकेकडून भारतीय सैन्याची मागणी आली, एका डिव्हिजनची. वाजपेयी सरकारमध्ये पाठवावं आणि पाठवू नये अशी दोन्ही मतं होती. १४ जुलै २००३ ला मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीनं संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय सैन्य जाणार नाही असा निर्णय घेतला. सुभेदार तेव्हा नोकरीत होते. त्यांच्या पलटणीत त्या दिवसांत इराकचीच चर्चा होती, आणि मराठ्यांना तो मुलुख नवाही नाही: १९१६ च्या एप्रिलमध्ये कुतला शरण गेलेल्या सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या, दोन वर्षांनी शर्कतला दुसऱ्या एका मराठा पलटणीनं नाव कमावलं. "हुकूम आला असता तर गेलोच असतो," ते म्हणाले. "आम्हाला नळी बिळी कोण दाखवणार होतं?"

वकील मॅडमनी शेवटी वेगळाच धागा ओढला, आणि पुढचं प्रकरण त्यातूनच ठरलं. आपल्याकडं युद्धाआधी संसदेचं मत घेणं घटनेनं सक्तीचं केलेलं नाही. रॉ आणि आयबी यांच्या कामावर देखरेख करणारी संसदीय समितीही नाही; मनीष तिवारी यांनी २०११ मध्ये तसं खासगी विधेयक आणलं होतं, ते पुढं सरकलं नाही. त्यामुळं 'तुम्ही वाचलं होतं का' हा प्रश्न आपल्या खासदाराला विचारायचीही सोय नाही. त्यावर एका मुलानं विचारलं, की मग आपल्याकडं असा कुठला अहवाल खुला झालाय का. झालाय. कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा, फेब्रुवारी २००० मध्ये काही भाग वगळून संसदेत मांडलेला. गुप्तचर यंत्रणा कुठं कमी पडल्या याचा त्यात तपशील आहे. पुढचे दोन रविवार त्यावर बसायचं ठरलं. झेरॉक्स काढायला दिली आहे; पहिली प्रत सुभेदारांनी मागितली आहे.